वाचा गेलेल्या माणसाचा धावा

सर, सलाम.

आम्ही जालना जिल्ह्यातले. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. चर्चमध्ये नाताळला, ईस्टरला आणि कुणाच्या लग्नाला दिसायचे, तेवढेच. संध्याकाळी थोडी घ्यायचे, ते लपवत नाही. मागच्या पावसाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अठरा दिवस संभाजीनगरला दवाखान्यात होते. मी अलीकडं एका प्रार्थना गटात जाते. तिथले दोन भाऊ आले आणि म्हणाले, "अण्णा, माझ्यामागं म्हणा." अण्णांच्या तोंडून "आं... आं..." याच्यापुढं काही निघेना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि गेले. मी आपली कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायची, कूस बदलायची. आई गाणं म्हणायची तेव्हा अण्णा डाव्या हाताचं बोट हलवायचे. एकोणिसाव्या दिवशी गेले.

आता गटात म्हणतात की मुखानं कबूल केल्याशिवाय तारण नाही, बायबलातलं रोमकरांस पत्र, दहावा अध्याय बघा. लहानपणचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत. कबरीच्या दगडावर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहू नका, ते खोटं होईल, असंही सांगितलं. दुसरीकडं माझा धाकटा भाऊ. त्यानं तीन सभांत तीन वेळा हात वर करून तारणाची प्रार्थना केली, साक्षही देतो. पण माझ्या नावावर बचत गटातून उचललेले चाळीस हजार द्यायचं नाव नाही. विचारलं की म्हणतो, "ताई, प्रभूनं माझं जुनं सगळं पुसलं." शेजारच्या माळकरी मावशी म्हणतात, "अगं, नाम घेतलं की माणूस तरतो, आमच्यातही हेच. तू कामून रडतीस?" सर, देवाचा धावा करणं म्हणजे नेमकं काय? अण्णांनी तो केला का? आणि दगडावर काय लिहू? नाव छापू नका.

— एक बहीण

*

ताई, सलाम.

दगडाचं शेवटी बोलू. आधी त्या "माझ्यामागं म्हणा"बद्दल, कारण ते मीही केलेलं आहे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, नुकताच मास्तर झालो होतो आणि अंगात नवा आवेश होता. माझे एक चुलते पोटाच्या कॅन्सरनं खाटेला खिळले होते. त्यांच्या खोलीत ज्वारीची पोती थप्पीला लावलेली, कोपऱ्यात कंदील. मी पायथ्याशी बसलो, पवित्र शास्त्र उघडलं आणि म्हणालो, "काका, माझ्यामागं म्हणा." त्यांनी म्हटलं. शब्दाला शब्द, पोरं पाढे म्हणतात तसं. आमेन झाल्यावर डोळे उघडून म्हणाले, "झालं का तुझं? आता पाणी दे." पुढच्या रविवारी मी उपासनेत उभा राहून साक्ष दिली की एक आत्मा वाचला. बऱ्याच वर्षांनी चुलतीनं सहज बोलता बोलता सांगितलं की मी आलो तेव्हापासून ते पाणीच मागत होते. मी त्यांचे शब्द मोजत होतो. त्यांची हाक मला ऐकूच आली नव्हती.

म्हणून तुमच्या गटातल्या त्या दोन भावांवर मी फार चिडत नाही. पाऊसपाण्यात खर्च करून ते संभाजीनगरला आले, हेही खरंच. पण एखाद्या मुलीला तिच्या बापाच्या माघारी जे ऐकवलं, ते त्यांनी शास्त्रातून आणलेलं नाही. शास्त्राचं एक वचन घेऊन त्याच्या उलट टोकाला ते जाऊन पोहोचले आहेत. कसं ते सांगतो.

'जो कोणी प्रभूचे नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचे तारण होईल.' हे वाक्य प्रेषित पौलानं रोमकरांना, म्हणजे रोमच्या मंडळीला, लिहिलं, पण ते त्याचं स्वतःचं नव्हे. त्याच्या आधी येशूचा शिष्य पेत्र यानं पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमच्या गर्दीपुढं हेच म्हटलं होतं. आणि पेत्रानं ते घेतलं योएल संदेष्ट्याकडून. तेव्हा आधी योएलकडं जाऊ. ते पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचं आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला समजायला टीका-टिप्पणी लागत नाही. पहिल्याच पानावर टोळधाड. एका टोळानं सोडलेलं दुसऱ्यानं खाल्लं, दुसऱ्यानं सोडलेलं तिसऱ्यानं. गहू गेला, जव गेला, अंजिराची साल सोलून पांढरी केली, कोठारं ओस पडली, ओढे आटले. आपल्याकडं २०२२ साली लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीन रोपातच कातरून नेलं आणि लोक दुबार पेरणीसाठी बियाणं शोधत हिंडत होते. ते ज्यानं पाहिलं, त्याला योएल शेजारच्या गावचा वाटेल. ७२चा दुष्काळ ज्यांच्या अंगावरून गेला त्यांना तर वाटेलच.

अशा माणसानं 'जो कोणी धावा करील तो तरेल' असं लिहिलंय. आणि त्याच पुस्तकात, पहिल्या अध्यायाच्या शेवटाला, ताई, अजून एक गोष्ट आहे, तिच्यावर मी कुणाला प्रवचन करताना ऐकलेलं नाही. तिथं चारा नाही म्हणून गुरं कण्हतात, आणि रानातली जनावरंसुद्धा देवाकडं तोंड करून धापा टाकतात. जनावरं! त्यांना कुठली प्रार्थना पाठ? पण योएलच्या हिशेबात ती धापसुद्धा देवाला उद्देशूनच आहे. संदेष्टा ती नोंदवतो. अण्णांचं "आं... आं..." त्याहून खालच्या दर्जाचं होतं, असं सांगणाऱ्यानं आधी योएलचा तो अध्याय पुसून टाकावा.

आता शब्दाकडं येतो. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, ते व्यसन सुटत नाही. पौलानं जे ग्रीक क्रियापद वापरलं ते 'एपिकालेओ'. हाक मारणं, नाव घेऊन बोलावणं. पण त्याचा आणखी एक उपयोग होता, कचेरीतला. प्रेषितांची कृत्ये, पंचविसावा अध्याय काढा. पौल कैसरियात फेस्त नावाच्या सुभेदारापुढं उभा आहे. सुभेदाराला यहुदी पुढाऱ्यांची मर्जी राखायची आहे, म्हणून तो म्हणतो, यरुशलेमला चल, तिथं तुझा निवाडा करू. पौलाला ठाऊक आहे की तिकडं गेलो तर संपलो. तो म्हणतो, मी कैसराजवळ, म्हणजे रोमच्या बादशहाजवळ, दाद मागतो. तिथं क्रियापद हेच. प्रभूचा धावा करणं आणि वरच्या कोर्टात दाद मागणं, दोन्हींना एकच शब्द.

१९८१ साली आपल्याकडं हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं, त्याआधी मराठवाड्याच्या माणसाला दाद मागायची तर मुंबई गाठावी लागे. ज्यांनी बांधाच्या भांडणापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना विचारा, अपील म्हणजे काय. माणूस भाषण चांगलं करतो म्हणून अपील होत नाही. खाली आता माझं काही उरलेलं नाही, माझं प्रकरण तुमच्या हवाली, एवढंच त्यात असतं. अशिलाला कायद्याची भाषा येत नाही, कित्येकदा सहीसुद्धा येत नाही, अंगठा असतो. बोलतो तो वकील. आपल्या मराठी शास्त्रात योहानानं पवित्र आत्म्यासाठी जो शब्द वापरलाय तो आठवतो ना? 'कैवारी'. आणि त्याच रोमकरांस पत्रात, दहाव्या अध्यायाच्या दोनच अध्याय आधी, पौल सांगतो की आम्हाला कशी प्रार्थना करावी तेही कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आमच्यासाठी मध्यस्थी करतो. तुमच्या भावांनी दहावा अध्याय उघडला. आठव्यावरूनच तर गेले असतील.

राहिलं 'मुखाने कबूल करशील तर'. हे पौलानं लिहिलंय, नाकारायचं कारण नाही. पण का लिहिलं? पहिलं असं की 'येशू प्रभू आहे' हे वाक्य ज्या रोमला जाणाऱ्या पत्रात आहे तिथं प्रभुत्वाचा मान कैसर स्वतःकडं घेत होता. ते चारचौघांत म्हणणं म्हणजे बाजू घेणं, आणि बाजू घेण्याची किंमत मोजणं. दाराआड बोलून भागणारं ते नव्हतं. दुसरं म्हणजे पौल तिथं मोशेचे शब्द उद्धृत करतोय. मोशे इस्राएल लोकांना म्हणतो की ही आज्ञा आभाळात नाही, की तुम्ही म्हणाल, वर कोण चढेल. समुद्रापलीकडं नाही, की म्हणाल, पलीकडं कोण जाईल. ती तुझ्याजवळच आहे, तुझ्या मुखात आणि तुझ्या अंतःकरणात. म्हणजे 'मुख' आलं ते जवळ दाखवायला. देव किती लांब, तिथवर मी कसा पोहोचणार, असं वाटणाऱ्याला सांगायला की अरे, ओठांवर आहे इतका जवळ. जे वचन उंबरठा काढून टाकायला लिहिलं, त्याचाच उंबरठा करून तुमच्या अण्णांना बाहेर उभं केलं.

हन्नाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, शब्बाथ शाळेत शिकवतात. मूल व्हावं म्हणून ती मंदिरात प्रार्थना करत होती. नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजक दाराशी बसून बघत होता. त्याला वाटलं, बाई प्यालेली आहे. तसं तो तिला म्हणालासुद्धा. याजक होता, मंदिराच्या दारात होता, आणि डोळ्यांपुढं चाललेली प्रार्थना त्याला प्रार्थना वाटली नाही. तुम्ही अण्णांच्या संध्याकाळच्या पिण्याचं लिहिलंत म्हणून ही गोष्ट मुद्दाम आठवली. अण्णा प्यायचे, ते बरं होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईला त्याचा जो त्रास झाला असेल तो तिलाच माहीत. पण दारात बसून आत कोण काय मागतंय ते ओळखण्यात मोठमोठे चुकतात, एवढं धरून ठेवा.

पण तुमचं पत्र वाचताना मला सारखी दुसरीच गोष्ट दिसत होती. मार्कचा दुसरा अध्याय, कफर्णहूमचं घर. दारात पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी. चौघेजण एका लकवा झालेल्याला बाजेवर घालून आणतात, आत जाता येईना म्हणून वर चढतात आणि छत उकरतात. शहरातल्या पोरांना हे सांगावं लागतं, तुम्हा-आम्हाला नाही. आपली जुनी घरं माळवदाचीच. लाकडी तुळया, त्यावर आडव्या काठ्या, वर पांढऱ्या मातीचा थर. ते उकरायला लागलं की काय होतं ते मी पाहिलंय, आमच्या वाड्याचं माळवद उतरवलं तेव्हा. आधी बारीक माती गळते, मग ढेकळं, मग काटक्यांचा कचरा, मग एकदम उजेडाची तिरीप आणि त्यात नुसती धूळ. खाली बसलेल्यांच्या डोक्यात, दाढीत, शिकवणाऱ्या येशूच्या तोंडात माती. घरधन्यानं वरच्या चौघांना काय काय म्हटलं असेल ते मार्कनं लिहिलेलं नाही, बरंच आहे. आणि त्या भोकातून बाज खाली येते.

आता नीट वाचा. तो बाजेवरचा माणूस पूर्ण गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आधी नाही, नंतर नाही. त्याला कुणी विचारत नाही, 'तू मला प्रभू मानतोस का?' मार्क लिहितो, येशूनं 'त्यांचा विश्वास' पाहिला. त्यांचा. वरच्या चौघांचा, त्यांच्या हाताला लागलेल्या मातीचा. त्यात बाजेवरचाही धरा. आणि पहिलं वाक्य काय? 'मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.' चालायला लावलं ते नंतर. तिथंही शास्त्री बसलेले होते, आणि त्यांच्या मनात पहिली शंका आली ती हीच, की ही क्षमा नियमात बसते का.

कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत होतात तुम्ही, कूस बदलत होतात. आई गात होती. ताई, बाज कुणी उचलली होती, हे मी सांगायला नको.

आणि लहानपणचा बाप्तिस्मा. या बाबतीत मंडळ्या-मंडळ्यांत मतभेद आहेत, शेकडो वर्षांचे. मोठेपणी समजून घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या मंडळ्या आहेत. आपल्या उत्तर भारत मंडळीत तान्ह्यालाही देतात, कॅथलिकांतही देतात. कॅथलिक शिकवणुकीत तर बाप्तिस्मा हे तारणाचं दार मानून, ज्याला तो घेता आला नाही पण ज्याची इच्छा होती, त्याच्यासाठीही वाट ठेवली आहे. तुमच्या गटाला त्यांचं मत असू दे. पण तान्ह्या अण्णांना हातात घेऊन तुमचे आजी-आजोबा पाण्यापाशी उभे राहिले, तेव्हा तेही एक बाज खाली सोडणंच होतं, असं मला वाटतं. 'माझ्यामागं म्हणा' ही पद्धत मात्र फार अलीकडची, संजीवन सभांतून आलेली. प्रेषितांच्या कृत्यांत शोधून पाहा. पन्नासाव्या दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला, पण कुणाला ओळीनं शब्द म्हणायला लावले असं कुठं नाही. पद्धत वाईट नाही. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याला कुणी शब्द द्यावेत, यात गैर काय? माझ्या चुलत्यांच्या बाबतीत ती कुबडी मी तराजू म्हणून वापरली, दोष तो होता.

येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराचं तर तुम्हीच मला सांगाल. ना बाप्तिस्मा, ना उपासना, ना 'पापी' म्हणून लांबलचक कबुली. 'माझी आठवण कर', एवढंच. त्याला बोलता येत होतं म्हणून तो बोलला.

'धावा' हा आपला मराठी शब्द मात्र मला ग्रीकपेक्षा जास्त आवडतो, हे खासगीत सांगतो. ज्यांनी शास्त्र मराठीत आणताना तो निवडला त्यांना दंडवत. द्रौपदीचा धावा, गजेंद्राचा धावा, तिथून तो शब्द आपल्या कानात बसलेला. धावा म्हणजे 'धाव' अशी हाक. त्यात धावायचं कुणी? हाक मारणाऱ्यानं नव्हे. तो तर पाण्यात अडकलेला, सभेत ओढून आणलेला, खाटेला खिळलेला. धावणारा दुसरा आहे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पोरगा वाटेत एक भाषण तयार करतो, बापापुढं ते पूर्ण म्हणूही शकत नाही, कारण बाप लांबूनच बघून धावत सुटलेला असतो. तुमचे अण्णा टँकरवर होते. उन्हाळ्यात टँकर गावात शिरताना हांडे-घागरी, निळे पिंप घेऊन बाया-पोरं कशी ओरडतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कुणी नीट हाक मारतं, कुणी शिव्या घालतं, एखादी म्हातारी नुसती रिकामी घागर वर धरते. अण्णा त्या म्हातारीला पाणी देत नव्हते का?

शेजारच्या मावशींचं म्हणणं तोडून टाकू नका. नामदेवांची नरसी हिंगोलीत, जनाबाईंचं गंगाखेड परभणीत. नाम घेणं म्हणजे काय ते ही माती आपल्या आधीपासून जाणते. फरक आहे, आणि तो मावशींनाही कळतो. ख्रिस्ती माणूस ज्या नावाचा धावा करतो ते एका विशिष्ट माणसाचं आहे, रोमन सुभेदार पिलातानं क्रूसावर मारलेल्या आणि, आमची श्रद्धा आहे, तिसऱ्या दिवशी उठलेल्या. 'येशू' या नावाचा मूळ हिब्रू अर्थच 'यहोवा तारतो' असा. पण मावशी तुमचे डोळे पुसायला आल्या होत्या, वाद घालायला नव्हे. चहा पाजा त्यांना.

आता धाकटे बंधुराज.

'तारण' या शब्दाची एक गंमत आपल्याकडं आहे. चर्चमध्ये तारण म्हणजे सुटका. बँकेत तारण म्हणजे जे गहाण ठेवलं ते. सोनंतारण, शेतमाल तारण. मोंढ्यात बाजारभाव पडला की सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवून शेतकरी उचल घेतो, भाव आला की विकून सोडवतो. तुमच्या भावानं ह्या दोन तारणांची बेमालूम मिसळ केलीय. स्वतःचं तारण झालं म्हणतो, आणि तुम्हाला तारण ठेवलंय.

त्याच्या प्रार्थना खऱ्या की खोट्या, ते मला विचारू नका. मी वर चुलत्यांची गोष्ट सांगितलीच आहे, मला त्यातलं कळत नाही हे सिद्ध झालेलं आहे. पण नाव घेणं म्हणजे मंत्र नव्हे, एवढं शास्त्र स्पष्ट बोलतं. इफिसात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव वापरून भूत काढायला गेले. भूत म्हणालं, येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? आणि त्यांना उघडे-नागडे करून पळवून लावलं. शब्द बरोबर होते त्यांचे, अगदी अचूक.

जक्कयचं त्याला वाचून दाखवा. लूक, एकोणिसावा अध्याय. जकातदार, झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. जक्कयनं हात वर केला नाही, त्यानं हिशेब काढला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. हे ऐकल्यावर येशू म्हणतो, 'आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.' पैसे देऊन त्यानं तारण विकत घेतलं असं नव्हे. पाहुणा आधी घरात आला होता. पण पाहुणा खरंच आत आलाय हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं ते वह्या उघडल्या तेव्हा. तुमच्या भावाकडून चौपट नको. चाळीस हजार आणि गटाचं व्याज.

आणि हे नुसतं वाचून दाखवून होणार नाही. बचत गटाच्या पुढच्या मासिक बैठकीत त्याला घेऊन जा. कर्ज तुमच्या नावावर आहे, हप्ता थकला तर गटातल्या बाकीच्या बाया अडचणीत येतात, त्यांचा काय दोष? महिन्याला किती देणार ते कागदावर लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. तो म्हणेल, ताई, भाऊ-बहिणीत कागद कशाला, क्षमा कर. क्षमा करा, कागदावर सही घेऊनच करा. त्याच्यासाठी नवीन कर्ज उचलू नका. आई मध्ये पडेल, रडेल. तरी उचलू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती पत्रात आहे. प्रार्थना गट सोडावा का? मी सोडा म्हणत नाही. तिथं तुम्हाला बहिणी मिळाल्या असतील, रात्री-अपरात्री फोन करता येईल अशी चार माणसं मिळाली असतील. पण अण्णांचा विषय निघाला की उठून घरी या. वाद घालायला थांबू नका. तुम्हाला दहावा अध्याय पाठ नाही म्हणून तुम्ही हराल, आणि रात्रभर जागत बसाल. फारच कुणी मागं लागलं तर स्तेफनचं विचारा, विश्वासापायी दगडांनी मारला गेला तो. दगड पडत असताना त्यानं प्रभूचा धावा केला, प्रेषितांची कृत्ये, सातवा अध्याय, क्रियापद तेच. धावा केला आणि मेला. वाचला का नाही? ह्याचं उत्तर त्यांना द्यायला लागेल तेव्हा त्यांनाही थोडं हळू बोलावं लागेल.

अण्णांनी धावा केला का, हा तुमचा खरा प्रश्न. मी त्या खोलीत नव्हतो. तुम्ही होतात, अठरा दिवस. लकव्यात ज्याची वाचा जाते त्याला कित्येकदा ऐकू येत असतं, समजतही असतं, शब्द मात्र जुळत नाहीत. आणि गाणं तरीही आत कुठंतरी शाबूत राहतं, हे डॉक्टरही सांगतात. आई गायची तेव्हा बोट हलायचं म्हणता. कोणतं गाणं होतं ते लिहिलं नाहीत. आईला विचारून मला कळवा, उत्सुकता आहे.

दगडावर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' हेच लिहा. खाली नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि वाटलं तर 'टँकरचालक' असंही लिहा, मला आवडेल. दगडवाले अक्षरागणिक पैसे घेतात आणि काना-मात्रा वेगळे मोजतात, तेव्हा आधी भाव ठरवा. आणि 'निद्रिस्त' कागदावर ठळक लिहून द्या. आमच्या कब्रस्तानात दोन ठिकाणी 'निर्दिस्त' झालेलं आहे. एक माझ्या त्याच चुलत्यांचं.